न्हाणीघरातील दोन धारा

‘विसण घालणे’ हा आपल्या भाषेतील एक जुना, घरगुती शब्दप्रयोग आहे. चुलाण्यावरच्या हंड्यातून किंवा तांब्याच्या बंबातून काढलेले कढत पाणी अंगाला सोसेल इतके कोमट व्हावे म्हणून त्यात थंड पाणी ओतायचे, याचे हे नाव. घरातील वडीलधारी बाई घंगाळात आधी हात बुडवून पाही, मग तांब्या-दोन तांबे विसण घाली, पुन्हा हात बुडवी आणि त्यानंतरच मुलाला पाटावर बसवी. या साध्या क्रियेत एक गोष्ट आपोआप साधली जात असे. पाणी अंगावर पडण्यापूर्वी त्याची परीक्षा होई आणि परीक्षेला हवा तेवढा वेळ मिळे.

आज आदिलाबाद, जैनद, बेला, बोथ, इच्चोडा या गावांतील नव्या घरांत बंब राहिलेला नाही. भिंतीवर गिझर आला आणि त्याखाली चकचकीत मुलाम्याची एक तोटी आली. तिला दुकानात ‘वॉल मिक्सर’ म्हणतात. तिचे अंग भिंतीत पुरलेले असेल तर ‘डायव्हर्टर’. पैनगंगेच्या अलीकडील हा मुलूख. १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे तालुके या जिल्ह्यातून निघून तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. पुढे २०१६ साली मूळ जिल्ह्याचेच चार जिल्हे झाले. रेषा हलल्या, घरातील मराठी हलली नाही आणि थंडीही हलली नाही. तेलंगणातील नीचांकी तापमानाच्या बातम्या हिवाळ्यात बहुधा याच जिल्ह्यातून किंवा शेजारच्या आसिफाबादेतून येतात. डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सहा अंशांपर्यंत आणि एखाद्या वर्षी त्याच्याही खाली उतरतो. तेव्हा पहाटे उन्हवणी अंगावर घेण्याची सोय ही येथे चैन नव्हे.

परंतु विसण घालण्याचे काम आता घंगाळात न होता पितळेच्या मुठीएवढ्या पोकळीत, डोळ्यांआड होते; आणि तेथून बाहेर पडलेले पाणी क्षणार्धात डोक्यावर येते. मधे हात बुडवून पाहण्यास अवसर नाही. म्हणून ही तोटी ज्या नळांना जोडायची ते कसे आणावेत, याचा विचार घरमालकाने स्वतः केला पाहिजे. पाना त्याने हाती धरावा असे माझे म्हणणे नाही. ते काम कसबी कारागिराचे आहे. मात्र कारागीर भिंत फोडू लागण्यापूर्वी त्याला कोणते प्रश्न विचारावेत, हे त्यास ठाऊक असावे.

प्रथम तोटीची रचना पाहू. तिला दोन पाय असतात. आपण तोटीकडे तोंड करून उभे राहिलो म्हणजे डाव्या हाताचा पाय ऊन पाण्याचा आणि उजव्या हाताचा थंड पाण्याचा, हा संकेत जवळजवळ सर्वत्र पाळला जातो. नळ आडवेतिडवे जोडले तर तोटी चालते, पण तांबड्या खुणेतून गार आणि निळ्या खुणेतून कढत पाणी येऊ लागते. घरातील माणसे आठवड्यात सरावतात; पाहुणा मात्र भाजतो. तेलुगूत ऊन पाण्याला ‘वेडि नीळ्ळु’ म्हणतात. आपल्या कानाला तो ‘वेडी’ शब्द मोठा मौजेचा लागतो. आणि उलट्या जोडलेल्या तोटीतून अवचित अंगावर आलेल्या पाण्याला तो शोभतोही!

दोन्ही पायांतून आलेले पाणी मधल्या पोकळीत एकत्र होते. जुन्या पद्धतीच्या तोटीत दोन वेगळ्या मुठी असतात. नव्या एकदांडी तोटीत दोन घट्ट सिरॅमिक चकत्या एकमेकींवर सरकून दोन छिद्रे कमी-अधिक उघडतात. मिश्रण झाल्यावर पाण्याने खालच्या तोंडातून बादलीत जायचे की वरच्या झाऱ्यातून डोक्यावर यायचे, हे आणखी एका मुठीने ठरते. इतकेच तिचे काम. किती ऊन आणि किती गार याचे प्रमाण तोटी स्वतः ठरवीत नाही. आपण छिद्रे किती उघडली आणि प्रत्येक नळात पाण्याचा दाब किती आहे, यांवर ते ठरते. आपण छिद्रे एकदा उघडून ठेवली की त्यापुढचे सर्व दाबाच्या हाती.

दाबाचा हिशेब कठीण नाही. पाण्याचा दहा मीटर उंच स्तंभ आपल्या तळाशी दर चौरस सेंटीमीटरला सुमारे एक किलोग्रॅमचा भार देतो. नेरडीगोंड्याजवळचा कुंतलाचा धबधबा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्याची उंची सुमारे पंचेचाळीस मीटर, म्हणजे दीडशे फूट. कल्पना करा की त्याच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत एक नळ उभा भरून ठेवला, तर तळाशी साडेचार किलोंचा दाब मिळेल. आता आपल्या एकमजली घराकडे या. गच्ची जमिनीपासून दहा-साडेदहा फुटांवर, तिच्यावरच टाकी टेकलेली, आणि झारा सात फुटांवर. टाकीचा तळ आणि झारा यांत अंतर उरते जेमतेम साडेतीन फुटांचे. दाब किती? किलोचा दहावा हिस्सा! अशा घरात थाळीएवढा रुंद परदेशी झारा लावला तर त्यातून वर्षाव होत नाही, पागोळ्या गळतात. दुकानदाराकडे तक्रार नेऊन उपयोग नाही, कारण दोष झाऱ्याचा नसून उंचीचा आहे.

पाणी आपल्या उगमाच्या पातळीपर्यंतच चढते, हा नियम आपल्या पूर्वजांना उत्तम ठाऊक होता. औरंगाबादेची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की ज्यांनी पाहिली असेल त्यांना आठवेल, की तेथे दूरच्या उंचावरून मातीच्या नळांनी आणलेले पाणी कोणत्याही यंत्रावाचून उंच भिंतीच्या माथ्यावर चढते आणि तेथून हौदात कोसळते. अठराव्या शतकातील कारागिरांना जे उमजले होते ते आपल्या गच्चीवर विसरले जाते.

उपाय दोन आहेत. टाकीखाली पाच फुटांचा पक्का कट्टा बांधला तर उंची साडेतीनाची साडेआठ फूट होते. मात्र उंची अडीच पट झाली म्हणून धार अडीच पट होत नाही. धारेचा वेग उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून ती सुमारे दीडपट होते. दुसरा उपाय स्वस्त असूनही बहुतेकांच्या ध्यानी येत नाही. तो म्हणजे नळ रुंद घेणे. नळाच्या आतील घर्षण त्याचा व्यास वाढताच झपाट्याने घटते. तेवढेच पाणी अर्ध्या इंचाऐवजी पाऊण इंची नळातून नेले तर घर्षणाने जाणारा दाब सातव्या-आठव्या हिश्शावर येतो. म्हणून टाकीपासून न्हाणीघरापर्यंत एक इंची, भिंतीत पाऊण इंची, आणि केवळ तोटीच्या पायाशी अर्धा इंची नळ असावा. वाटेत एल्बो जितके थोडे तितके बरे. काटकसर म्हणून गच्चीपासूनच अर्धा इंची नळ उतरवणारी घरे मी पुष्कळ पाहिली आहेत. नळाच्या किमतीत वाचलेले थोडे पैसे तेथे पुढे दाबाच्या पंपावर खर्च होतात.

आता या विषयातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. ऊन आणि थंड या दोन्ही धारा एकाच टाकीतून, एकाच उंचीवरून याव्यात. ऐकताना ही गोष्ट इतकी साधी वाटते की ती निराळी सांगावी का, असा प्रश्न पडेल. पण आपल्या गावांत तिचाच भंग फार होतो आणि त्याला कारणही आहे. पुष्कळ घरांत पाणी दोन वाटांनी येते. एक सरकारी नळाचे. मिशन भगीरथ योजनेचे काम २०१६ पासून पुढे आले. तीत ग्रामीण भागासाठी माणशी रोज शंभर लिटर पाणी धरलेले आहे. दुसरे घरच्या कूपनलिकेचे, जे मोटारीने गच्चीवरच्या टाकीत चढते. जुन्या न्हाणीघरात सरकारी नळ आधीपासून असतो. नवा गिझर येतो तेव्हा त्याला टाकीचे पाणी देतात, आणि तोटीच्या उजव्या पायाला तो जवळचाच सरकारी नळ जोडून मोकळे होतात. भिंत कमी फोडावी लागते, काम अर्ध्या दिवसात उरकते आणि घरमालकही खूश होतो.

मग काय घडते ते पाहा. सरकारी नळाला पाणी आले असेल तेव्हा त्याचा दाब टाकीच्या दाबाहून बहुधा अधिक असतो. मधल्या पोकळीत दोन्ही धारा भेटल्या की जोराची थंड धार दुबळ्या ऊन धारेला मागे रेटते. गिझर तापलेला असूनही झाऱ्यातून गारच पाणी येते. वाटेत उलटा प्रवाह अडवणारी झडप नसेल तर थंड पाणी ऊन नळात शिरून गिझरमार्गे टाकीकडे परत चढू लागते. स्नान करणारा कंटाळून थंडाची मूठ मिटत नेतो आणि उन्हाची पूर्ण उघडतो. नेमक्या त्याच वेळी सरकारी पाण्याची वेळ संपली, तर थंड धार एकाएकी तुटते आणि गिझरमधील कढत पाणी, विसणाच्या एका थेंबावाचून, डोक्यावर येते. साठ अंशांचे पाणी प्रौढ माणसाच्या कातडीला पाच-सहा सेकंदांत खोल भाजते. पन्नास अंशांच्या पाण्याला तेवढ्याच इजेसाठी काही मिनिटे लागतात. लहान मूल आणि वृद्ध यांची कातडी अधिक पातळ. साबणाने डोळे मिटलेले, फरशी निसरडी, आणि मुठी चाचपडत शोधायच्या. पाच सेकंद म्हणजे किती थोडा वेळ, हे अशा प्रसंगी कळते.

याच चुकीला आणखी एक काळी बाजू आहे. पिण्याच्या सरकारी नळाचा दाब ओसरला की तोटीच्या पोकळीतून टाकीचे पाणी उलट त्या नळात जाऊ शकते. टाकी कधी धुतली होती, तिचे झाकण आहे की नाही, हे कोणास ठाऊक? आपल्या न्हाणीघरातील जोड शेजाऱ्याच्या माठापर्यंत पोहोचतो तो असा. सरकारी पाणी घ्यायचे असेल तर ते खालच्या हौदात किंवा वरच्या टाकीत काठाच्या वरून, मोकळ्या हवेतून पडू द्यावे आणि मग टाकीतून न्हाणीघरात न्यावे. दोन उगमांचे नळ एकमेकांस थेट जोडू नयेत.

तेव्हा टाकीपासून एक स्वतंत्र रुंद नळ खाली आणावा, न्हाणीघराजवळ त्याच्या दोन शाखा कराव्यात, एक तोटीच्या उजव्या पायाला आणि दुसरी गिझरमार्गे डाव्या पायाला द्यावी. धार वाढवण्यासाठी दाबाचा पंप बसवायचा असेल तर तो शाखा फुटण्याच्या आधी बसवावा, म्हणजे दोन्ही धारांना सारखाच जोर मिळतो. केवळ थंड शाखेवर पंप बसवणे म्हणजे वर वर्णिलेलाच प्रसंग विकत घेणे होय. पंपाचा दाब गिझरला सोसतो की नाही, हे त्याच्या पाटीवर लिहिलेले असते. ते आधी वाचावे. शौचकूपाची टाकी आणि स्वयंपाकघराचे नळ या नळावर घेऊ नयेत. नाहीतर आत कोणी स्नान करीत असता बाहेर कोणी भांडी घासायला नळ उघडला की थंड धार क्षीण होते आणि आतून ओरड ऐकू येते.

गिझरच्या थंड पाण्याच्या तोंडाशी एक लहानशी झडप येते. ती पाण्याला उलट जाऊ देत नाही आणि आतला दाब वाजवीपेक्षा वाढला तर थोडे पाणी बाहेर सोडते. पाणी वीस अंशांवरून सत्तर अंशांपर्यंत तापले की सुमारे दोन टक्क्यांनी फुगते. पंचवीस लिटरच्या गिझरमध्ये हा फुगवटा अर्ध्या लिटरचा झाला. या अर्ध्या लिटरला वाट हवी. झडपेतून अधूनमधून थेंब पडतात म्हणून तिचे तोंड बुचाने बंद करणारे महाभाग आहेत. ते थेंब गळती नसून गिझरचा श्वास आहे, असे समजावे. त्याखाली एक लहान नळी जोडून ती मोरीत सोडावी म्हणजे झाले. गॅसचा गिझर असेल तर तो न्हाणीघराच्या आत बसवूच नये. बंद खोलीत त्याच्या ज्वालेपासून कार्बन मोनॉक्साइड हा वासरहित विषारी वायू साठतो आणि स्नानाला गेलेला माणूस बाहेर येत नाही. विजेच्या गिझरला पक्के अर्थिंग आणि गळतीचा प्रवाह तोडणारा स्विच हवा. या बाबतीत तडजोड नको.

नळ कशाचे असावेत? जुन्या घरांतील जस्ताच्या मुलाम्याचे लोखंडी नळ आतून गंजून बोरूएवढे अरुंद झालेले असतात. नवी तोटी त्यांच्या टोकाला जोडणे व्यर्थ. ते बदलावेच लागतात. हल्ली बहुतेक काम प्लॅस्टिकच्या नळांनी होते, पण त्यांत दोन जाती आहेत आणि दोहोंत गल्लत होते. साधा पांढरा पीव्हीसी नळ थंड पाण्यासाठी आहे. कढत पाण्याने तो मऊ पडतो, वाकतो आणि सांध्यातून सुटतो. ऊन शाखेला फिकट पिवळसर रंगाचा सीपीव्हीसी नळच हवा, आणि त्याचा चिकटद्रवही त्याच जातीचा. नळ काटकोनात कापावा, कड घासून गुळगुळीत करावी, नळाला आणि जोडाला दोन्हीकडे द्रव लावून पाव वळसा देत आत सारावा आणि अर्धा मिनिट दाबून धरावा. त्यानंतर पूर्ण एक दिवस त्याला हात लावू नये. ‘संध्याकाळी पाणी सोडून देतो’ असे म्हणणाऱ्या कारागिराला चहा पाजावा आणि दुसऱ्या दिवशी बोलवावे.

जेथे प्लॅस्टिक संपून तोटीचे पितळ सुरू होते तेथे पितळी आट्यांचा जोड घ्यावा. आट्यांवर पांढरी टेफ्लॉनची फीत आट्यांच्याच दिशेने आठ-दहा वेढे गुंडाळावी. उलट्या दिशेने गुंडाळली तर जोड बसवताना ती सुटून गोळा होते. सफेदा आणि ताग ही जुनी जोडी लोखंडी नळासाठी चांगली होती. प्लॅस्टिकच्या जोडाला तेलमिश्रित लेप अपाय करतो. आणि पाना आवळताना बेताने. गळू नये म्हणून जीव खाऊन आवळलेला जोडच पुढे चिरतो.

तोटीच्या दोन पायांत मध्यापासून मध्यापर्यंत सहा इंच, म्हणजे दीडशे मिलिमीटर अंतर बहुधा असते. तरी तोटी आधी विकत आणून, तिच्यावरून माप घेऊनच भिंतीतील तोंडे बसवावीत. दोन्ही तोंडे पाणसळीत असावीत. थोडाबहुत फरक राहिला तर तिच्यासोबत येणारे वाकडे जोड फिरवून तो भरून काढता येतो, पण अर्ध्या इंचाहून अधिक चूक ते झाकू शकत नाहीत. ऊन नळ वाटेत दाराच्या चौकटीवरून चढवून पुन्हा उतरवू नये. त्या चढाच्या माथ्यावर हवा कोंडते आणि आधीच दुबळा असलेला आपला दाब तिला हलवू शकत नाही. मग नळ थुंकतो, थांबतो, पुन्हा थुंकतो.

डायव्हर्टर घ्यावा की बाहेर दिसणारा वॉल मिक्सर? माझे मत स्पष्ट आहे. जिल्ह्याच्या गावांत बाहेरचाच घ्यावा. पुरलेली तोटी दिसायला सुबक असते खरी, पण तिच्या अंगावर किमान आणि कमाल अशा दोन खुणा असतात आणि फरशीचा पृष्ठभाग नेमका त्या दोहोंमध्ये यावा लागतो. गवंडी गिलावा जाड देतो, फरशीवाला आणखी मसाला चढवतो, आणि शेवटी मूठ बसवावी तर दांडा भिंतीत बुडालेला! शिवाय साडेचार इंची भिंतीत दोन-अडीच इंच खोल खाच आडवी काढणे हे भिंतीला दुबळे करणे आहे. जुन्या दगडमातीच्या भिंतीत तर ती खाच कोठवर ढासळेल याचा नेम नाही. बाहेरच्या तोटीचा वायसर गेला तर पाच मिनिटांत बदलतो. पुरलेल्या तोटीचे सुटे भाग मिळवण्यासाठी हैदराबाद किंवा नागपूर गाठावे लागते.

नळ भिंतीत कोणत्याही जातीचे असोत, ते झाकण्यापूर्वी त्यांची परीक्षा घेतलीच पाहिजे. घंगाळात हात बुडवून पाहणाऱ्या त्या बाईचे काम आता येथे, खाच उघडी असतानाच करायचे आहे. तोटी आणि गिझर लावण्यापूर्वी सगळी तोंडे बुचांनी बंद करावीत, नळ पाण्याने भरावेत, उंचावरील तोंडातून हवा काढून टाकावी आणि हातपंपाने सात ते दहा किलोपर्यंत दाब द्यावा. पंपावर काटा असतो. प्रारंभी नळ थोडे ताणतात आणि काटा किंचित उतरतो. पुन्हा दाब पूर्ण करून मग तासभर काटा जागचा हलता कामा नये. ही परीक्षा पाण्यानेच घ्यावी, हवेच्या पंपाने नव्हे. दाबलेल्या हवेने फुटलेला प्लॅस्टिकचा जोड गोळीसारखा उडतो. तालुक्याच्या गावी हातपंप मिळाला नाही तर निदान टाकी भरून नळ रात्रभर भरलेले ठेवावेत आणि प्रत्येक सांध्याभोवती कोरडा कागद गुंडाळावा. सकाळी कागद ओला दिसला की सांधा सापडला.

थंड पाण्याची परीक्षा झाल्यावर गिझर तात्पुरता जोडून ऊन शाखेतून कढत पाणीही एकदा सोडून पाहावे. दहा फुटांची सीपीव्हीसी नळी चाळीस अंश तापली की पाव इंचाहून थोडी अधिक लांबते. ती सिमेंटमध्ये दोन्ही बाजूंनी आवळून बसवली असेल तर हे लांबणे सांध्यावर येते. म्हणून ऊन नळाभोवती फोमची गुंडाळी घालून मगच गिलावा करावा. ती गुंडाळी हिवाळ्यात उष्णताही राखते. गिलाव्यापूर्वी उघड्या भिंतीचे मोबाईलवर एक छायाचित्र घ्यावे, त्यात मोजपट्टी धरलेली असावी. पुढे आरसा टांगायला खिळा ठोकणाऱ्याला त्याचा उपयोग होतो.

झाऱ्याखाली माणूस दर मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी सहज खर्च करतो. दहा मिनिटे उभा राहिला तर माणशी शंभर लिटरचा दिवसाचा वाटा तेथेच संपला! बादलीभर पाण्यात, म्हणजे पंधरा-वीस लिटरमध्ये स्नान उरकणाऱ्या आपल्या घरांनी खालचे तोंड असलेली तोटी घ्यावी, हे यासाठीच. झारा सणावारी आणि पाहुण्यांना, रोज बादली. यात कमीपणा नाही.

उन्हाळ्यात या जिल्ह्यात एक गंमत घडते. वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांकडे झुकला की गच्चीवरची काळी टाकी दुपारी स्वतःच गिझर होते, आणि निळ्या खुणेतून चटका देणारे पाणी येते. तेव्हा विजेचा गिझर बंद असेल तर त्याच्या जाड आवरणात सावलीत राहिलेले पाणी अधिक सौम्य असते. म्हणजे तांबडी मूठ गारव्याची आणि निळी उन्हाची! दोन्ही मिसळून घ्यावे, पण घरातील मुलांना हा ऋतुबदल सांगून ठेवावा. बारमाही सवय मात्र एकच असावी. आधी थंड उघडायचे, मग ऊन. बंद करताना आधी ऊन, मग थंड. आणि पाणी प्रथम खालच्या तोंडातून हातावर घेऊन मगच वर सोडायचे. गिझरचा काटा मुले असलेल्या घरात पन्नास-पंचावन्न अंशांवर पुरतो. चाळिसावर कायम ठेवणे हाही उपाय नव्हे, कारण दिवसेंदिवस साठून राहिलेले कोमट पाणी काही जंतूंना मानवते.

कूपनलिकेचे पाणी जड असेल तर झाऱ्याची छिद्रे वर्षभरात पांढऱ्या थराने बुजतात आणि धार तिरपी उडू लागते. झारा काढून रात्रभर लिंबाच्या रसात किंवा पातळ व्हिनेगरमध्ये ठेवावा आणि सकाळी जुन्या दातघासणीने घासावा. खिळ्याने छिद्रे टोकरू नयेत. हाच थर गिझरच्या आतही बसतो. पाणी तापायला पूर्वीपेक्षा फार वेळ लागू लागला म्हणजे तो उघडून साफ करण्याची वेळ आली.

शेवटची गोष्ट पहिल्या दिवसाची आहे. सर्व जोडून झाल्यावर झारा आणि तोटीच्या तोंडावरची जाळी काढून ठेवावी आणि दोन्ही नळ आळीपाळीने पाच-पाच मिनिटे मोकळे वाहू द्यावेत. खाली बादली ठेवावी. त्या पाण्यातून वाळूचे कण, प्लॅस्टिकचा कीस आणि टेफ्लॉनचे तुकडे येतील. हाच कचरा आत राहिला तर सिरॅमिक चकत्यांवर चरे पाडतो आणि महिन्याभरात नवी तोटी ठिबकू लागते. ते बादलीतले पाणी अंगणातल्या तुळशीला किंवा पेरूला घालावे, जाळी आणि झारा परत बसवावा, आणि गिझरचा दिवा त्यानंतर लावावा.